तीस लाइफचा आधार सोडून ‘कॉन्ट्रा’ पुन्हा कसा खेळावा

ज्यांनी १९९० च्या दशकातील उन्हाळी सुट्ट्या घरच्या टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून आणि शेजारच्यांकडून कॅसेट मागून आणून घालवल्या, त्यांना ‘कॉन्ट्रा’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही; इतरांसाठी एवढेच, की हा बंदूक घेऊन धावत, शत्रूंना मारत पुढे जाण्याचा व्हिडिओ गेम आहे. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा खेळ ज्या रीतीने रचला गेला होता त्या रीतीने कधी खेळलेलाच नाही, असे म्हटले तर थोडा राग येण्याचा संभव आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक कॅसेटींत तीस लाइफ, म्हणजे मेल्यावर पुन्हा उभे राहण्याच्या संधी, आधीच घातलेल्या असत, आणि नसल्या तरी वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए, स्टार्ट ही कळांची साखळी मोठ्या भावाकडून धाकट्याकडे आपोआप पोहोचत असे. त्यामुळे आपण जो खेळ संपवला तो तीस वेळा मरून पुढे सरकण्याचा खेळ होता. तीन लाइफचा ‘कॉन्ट्रा’ हा त्याहून पुष्कळ वेगळा आणि माझ्या मते पुष्कळ अधिक चांगला खेळ आहे, आणि तो चाळिशीतही नीट शिकता येतो. तो कसा शिकावा, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी कोणता ‘कॉन्ट्रा’, हे ठरवावे लागते. कोनामी या जपानी कंपनीने हा खेळ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळण्याच्या उभ्या यंत्रासाठी काढला आणि १९८८ मध्ये निन्टेंडोच्या घरगुती यंत्रासाठी त्याची नवी आवृत्ती केली. आपल्या घरांत जी यंत्रे होती ती या निन्टेंडो यंत्राच्या परवान्याविना केलेल्या नकला होत्या, म्हणून आपल्या आठवणीतील ‘कॉन्ट्रा’ हा घरगुती आवृत्तीचाच. जपानी आवृत्तीच्या कॅसेटमध्ये अधिक क्षमतेची चिप असल्यामुळे तिच्यात स्टेजच्या आधी नकाशा दिसतो आणि पहिल्या स्टेजमधली झाडे वाऱ्यावर हलतात. अमेरिकी आवृत्तीत हे काही नाही. युरोपात तर बिल आणि लान्स या दोन जवानांच्या जागी यंत्रमानव घालून तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने विकला गेला. कथेतही असाच फरक आहे. मूळ कथा सन २६३३ मध्ये न्यूझीलंडजवळच्या गालुगा द्वीपसमूहावर घडते, तर अमेरिकी पुस्तिकेने ती वर्तमानकाळात, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून ठेवली. खेळणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण लहानपणी ज्यांनी आपापल्या मनाने कथा रचली असेल त्यांना हे वाचून गंमत वाटेल.

सुरुवात घरगुती आवृत्तीने करावी आणि उभ्या यंत्राची आवृत्ती नंतरसाठी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही आवृत्त्या कोनामीने २०१९ मध्ये काढलेल्या ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ या संग्रहात आहेत, आणि तो संगणकावर तसेच प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व स्विच या यंत्रांवर मिळतो. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या प्रती कायदेशीर नाहीत, आणि एका संग्रहात या मालिकेतले जवळजवळ सगळे जुने खेळ मिळत असताना त्या वाटेला जाण्याचे कारणही उरत नाही.

खेळ सुरू करण्यापूर्वी टीव्ही तपासावा, ही पायरी अनेक जण गाळतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर कळ दाबणे आणि पडद्यावर जवानाने उडी मारणे यांत जाणवेल असे अंतर नसे. आजचा सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी चकचकीत करतो आणि मग दाखवतो. या खटाटोपात सेकंदाचे काही शतांश जातात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राचा वेळ सुमारे १७ मिलिसेकंद असतो, तेव्हा तीन-चार चित्रांचा उशीर झाला तरी गोळी चुकवण्यासाठी मारलेली उडी गोळी लागून गेल्यावर सुरू होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो सुरू करावा, आणि शक्य असल्यास कंट्रोलर वायरने जोडावा. मी स्वतः पहिले दोन आठवडे वयाला दोष देत होतो. गेम मोड सुरू केल्यावर वय एका संध्याकाळी बरेच कमी झाले.

वेगाचा प्रश्न याहून निराळा आहे. भारतातील टीव्ही पाल पद्धतीचे होते आणि त्या पद्धतीसाठी बनवलेली यंत्रे सेकंदाला ५० चित्रांच्या गतीने चालत. ‘कॉन्ट्रा’ची अमेरिकी व जपानी आवृत्ती ६० चित्रांसाठी लिहिलेली आहे. म्हणजे अशा यंत्रावर ज्याने हा खेळ खेळला त्याने तो मूळ वेगाच्या सुमारे पाच-षष्ठांश वेगाने खेळला, आणि संगीतही तितकेच संथ ऐकले. आता संग्रहातील आवृत्ती लावल्यावर शत्रू अंगावर धावून आल्यासारखे वाटतात त्याचे हे एक खरे कारण असू शकते. त्यावर उपाय एकच, पहिले काही दिवस काहीही साध्य करण्याचा हट्ट न धरता पहिली स्टेज पुन्हा पुन्हा खेळून नवा वेग अंगवळणी पाडणे.

चित्राची लांबी-रुंदी मूळ चारास तीन अशीच ठेवावी. रुंद पडद्यावर ताणलेल्या चित्रात उडीचे अंतर डोळ्याला चुकीचे दिसते. कंट्रोलरवर गोल काडीऐवजी अधिकच्या चिन्हासारखी कळ वापरावी, कारण या खेळात ‘उजवीकडे’ आणि ‘उजवीकडे-वर’ यांतला फरक जीवन-मरणाचा असतो आणि काडी तो नीट पाळत नाही. आपल्या जुन्या रिमोटवर टर्बोच्या दोन जादा कळा असत, दाबून धरल्या की आपोआप टपटप गोळ्या सुटत. आजच्या कंट्रोलरवर ती सोय असली तरी शिकण्याच्या काळात ती बंद ठेवावी. तिचे कारण बंदुकांच्या ओघात येईल.

शरीर आणि बंदूक

पहिल्या दिवशी शत्रू सोडून केवळ आपल्या जवानाचा अभ्यास करावा. त्याची उडी नेहमी एकाच उंचीची असते, कळ हलके दाबल्याने ती छोटी होत नाही. पण हवेत असताना दिशा बदलता येते, अगदी मागेही फिरता येते. या एका गोष्टीवर निम्मा खेळ उभा आहे, कारण पुढे उडी मारून धोका दिसला तर हवेतूनच परत येता येते. खाली दाबल्यावर जवान पोटावर झोपतो आणि छातीच्या उंचीच्या गोळ्या त्याच्या वरून जातात. खाली दाबून उडीची कळ दाबल्यास तो कठड्यावरून खालच्या कठड्यावर उतरतो. उडीत असताना सरळ खाली गोळी मारता येते. पाण्यात असताना खाली दाबल्यास तो बुडी मारतो, आणि बुडालेल्याला काहीही लागत नाही, मात्र तेव्हा गोळीही मारता येत नाही. पहिल्या स्टेजमधल्या पाण्याचा हा उपयोग लहानपणी कित्येकांना ठाऊकच नव्हता. आम्ही पाण्यात पडणे ही शिक्षा समजत होतो, प्रत्यक्षात तो विसावा आहे.

वाटेत मिळणाऱ्या बंदुका त्यांच्यावरच्या इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जातात. त्यांमध्ये ‘एस’ला सगळे मान देतात आणि तो मान योग्यच आहे. पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, त्यामुळे नेम चुकला तरी काम होते. पण तिचे खरे बळ जवळून दिसते, कारण बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, अगदी जवळ उभे राहिल्यास पाचही गोळ्या एकाच जागी लागतात आणि दुरून अर्ध्या मिनिटाचे काम काही क्षणांत होते. ‘एम’ची गंमत अशी की कळ दाबून धरली की गोळ्या सुटत राहतात, म्हणून अंगठ्याला विश्रांती मिळते. ‘एल’ म्हणजे लेझर, आणि तिची बदनामी अन्यायाची आहे. घाईने कळ बडवणाऱ्याच्या हातात ती निरुपयोगी ठरते, कारण पुन्हा कळ दाबली की आधीची किरणरेषा नाहीशी होऊन नवी सुरू होते. एक रेषा लक्ष्यापर्यंत पोहोचू देऊन मगच दुसरी सोडली तर तिचा घाव भारी आहे. टर्बो बंद ठेवण्यामागचे कारण हेच, की बडवण्याची सवय लागली की प्रत्येक बंदुकीचा स्वभाव कळेनासा होतो. ‘एफ’ची गोळी गिरक्या घेत जाते आणि तिचा भरवसा धरता येत नाही, हातात ‘एस’ असताना समोर ‘एफ’ आली तर तिच्यावरून उडी मारून जावे. ‘आर’ ही बंदूक नसून आहे त्या बंदुकीच्या गोळ्या वेगवान करणारी भर आहे, तेव्हा ती नेहमी घ्यावी. ‘बी’ म्हणजे काही क्षणांचे कवच.

एक गोळी लागली की लाइफ जाते आणि बंदूकही जाते. म्हणून मृत्यूची खरी किंमत त्या लाइफपेक्षा हातातून गेलेल्या ‘एस’मध्ये असते, आणि तीस लाइफ घेऊन खेळणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण साधी बंदूक घेऊनही मरत-मरत बॉस पडतोच. तीन लाइफ असताना मात्र बंदूक सांभाळणे हाच डाव होतो. पुढे जायचे की क्षणभर थांबायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी याच हिशेबाने घ्यावा लागतो.

शत्रू दोन प्रकारचे आहेत, हे ध्यानात आले की खेळ निम्मा सोपा होतो. धावत येणारे सैनिक कधी येतील याचा नेम नसतो आणि आपण एका जागी उभे राहिलो तर ते येतच राहतात. तोफा, झुडपाआडचे नेमबाज आणि बंदुकांच्या पेट्या मात्र कायम ठरलेल्या जागी असतात. दुसऱ्या प्रकाराच्या जागा पाठ कराव्यात, म्हणजे डोळे पहिल्या प्रकारासाठी मोकळे राहतात. जवान पडद्याच्या उजव्या कडेला न नेता डावीकडच्या एक-तृतीयांशात ठेवावा, म्हणजे समोरून येणारे दिसायला वेळ मिळतो. घरगुती यंत्राला एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलणारे तुकडे दाखवता येत नाहीत, त्यामुळे गर्दी झाली की चित्र लुकलुकते आणि एखादी बारीक पांढरी गोळी क्षणभर दिसेनाशी होते. ही मूळ यंत्राची मर्यादा आहे. तिच्यावर उतारा म्हणजे गर्दी जमूच न देणे.

सरावाची पद्धत

संग्रहात खेळ कुठेही थांबवून साठवण्याची सोय आहे, आणि आजच्या खेळाडूचा खरा फायदा तीत आहे. पण ती दर दहा पावलांवर वापरली तर तीस लाइफच्याच सवयीला नवे नाव दिल्यासारखे होते. मी स्वतःला एक नियम घालून घेतला. साठवायचे ते फक्त स्टेजच्या आरंभी, आणि त्याच स्टेजचा सराव दोनदा करायचा, एकदा आधीच्या स्टेजमधून आणलेल्या बंदुकीने आणि एकदा मुद्दाम पहिल्याच शत्रूकडून मरून, साध्या बंदुकीने. खऱ्या डावात बॉससमोर आपण कधी ना कधी साध्या बंदुकीनिशी उभे राहणार आहोतच, आणि तेव्हा घाबरगुंडी उडते ती सराव नसल्यामुळे. एका स्टेजमध्ये दोन्ही प्रकारे जास्तीत जास्त एक लाइफ गमावून पार होता आले की पुढच्या स्टेजकडे जावे. आठ स्टेज आहेत. रोज अर्धा तास दिला तर मला एका स्टेजला साधारण एक आठवडा लागला, तिसरीला दोन.

खेळात तीन लाइफ संपल्यावर तीन वेळा ‘कंटिन्यू’ मिळते आणि दर वेळी ती स्टेज पहिल्यापासून सुरू होते. पहिले ध्येय सगळी कंटिन्यू वापरून शेवटपर्यंत पोहोचण्याचे ठेवावे. एकही कंटिन्यू न वापरता पोहोचणे हे त्यानंतरचे काम.

पहिल्या स्टेजमध्ये दोन पूल आहेत आणि पाय ठेवताच ते मागून पुढे फुटत जातात, म्हणून पुलावर थांबून नेमबाजी करू नये, आधी पलीकडचा शत्रू मारावा आणि मग न थांबता धावावे. शेवटच्या भिंतीवर आधी माथ्यावरचा नेमबाज, मग दोन तोफा आणि मग खालचा लाल गाभा असा क्रम सुरक्षित आहे. दुसऱ्या आणि चौथ्या स्टेजमध्ये आपण जवानाच्या पाठीमागून पाहतो. समोरची विजेची आडवी तार ओलांडायला गेल्यास जवान मरत नाही, पण झटका बसून काही क्षण अडकतो, आणि तेवढ्यात समोरून गोळी येते. तेव्हा भिंतीवरचा गाभा फुटेपर्यंत ‘वर’ची कळ दाबायचीच नाही. येथे पोटावर झोपून मारणे हा उत्तम बचाव आहे, कारण बहुतेक गोळ्या वरून जातात; घरंगळत येणाऱ्या वस्तूंसाठी तेवढे उठून उडी मारावी लागते. चौथ्या स्टेजच्या शेवटी एकमेकांपासून दूर जाणारी व पुन्हा एक होणारी दोन डोकी येतात, आणि ती एक झालेली असतानाच त्यांना इजा होते. बाकीच्या वेळी गोळ्या वाया घालवण्यापेक्षा चुकवण्याकडे लक्ष द्यावे.

तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजवर थोडा मुक्काम करावा लागतो. पडदा फक्त वर सरकतो, खाली परत येत नाही, आणि पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे गेले की लाइफ गेली, मग काही सेकंदांपूर्वी तिथे भक्कम कठडा का असेना. म्हणून उंच उडी घेण्याआधी परतीची जागा अजून पडद्यावर आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. वरून पडणारे दगड कठड्यांवर आपटत उसळत येतात. दगड दिसताच वर पळण्याचा मोह होतो, पण एक पाऊल बाजूला सरून तो जाऊ द्यावा हे बरे. शिखरावरच्या राक्षसाचे दोन्ही हात आधी मोडावेत आणि तोंड उघडेल तेव्हाच त्यात गोळ्या घालाव्यात.

या स्टेजवर दोघे खेळत असतील तर आणखी एक पेच असतो, कारण वरचा खेळाडू घाईने चढला की पडदा वर जातो आणि खालच्याचा जीव शत्रूविनाच जातो. कित्येक भावांची भांडणे याच धबधब्यावर झालेली आहेत. आजही दोघांनी खेळायचे असेल तर चढण्याआधी तोंडाने ‘चल’ म्हणण्याचा नियम करावा. एकाच्या लाइफ संपल्यावर त्याला उडीची कळ दाबून दुसऱ्याची लाइफ घेता येते, ही सोय आहे की चोरी, हे आधीच ठरवून घ्यावे.

पाचवी, बर्फाची स्टेज तुलनेने मोकळी आहे. ‘एस’ घेऊन शिरलो तर ती श्वास घेण्याची जागा वाटते. सहाव्या स्टेजमधले आगीचे फवारे ठरलेल्या लयीत सुरू आणि बंद होतात, तिथे एक-दोन फेऱ्या नुसते पाहत उभे राहिले तरी चालते. तिथला चिलखती बॉस उडी मारून अंगावर येतो. मागे हटत गेल्यास आपण कोपऱ्यात अडकतो, म्हणून तो हवेत असताना त्याच्या खालून पलीकडे जावे. हाच बॉस साध्या बंदुकीने सर्वांत जास्त छळतो, तेव्हा त्याचा वेगळा सराव करावा. सातव्या स्टेजमध्ये छतातून खाली येणारे पंजे आणि जमिनीतून वर येणारे काटे आहेत, आणि तेही लयीनेच चालतात. आठव्या स्टेजमध्ये माणसे संपतात आणि परग्रहवासी सुरू होतात. मोठ्या डोक्यानंतर शेवटी धडधडणारे हृदय येते आणि त्याच्याभोवती किडे निपजत राहतात. हातात ‘एस’ असेल तर किड्यांच्या नादी न लागता हृदयाला भिडावे. साधी बंदूक असेल तर आधी भोवतीची जागा मोकळी करावी. हृदय फुटल्यावर श्रेयनामावली येते आणि मग खेळ पुन्हा पहिल्या स्टेजपासून, अधिक कठीण होऊन, सुरू होतो. तिथे हात थांबवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, मी थांबवला.

उभ्या यंत्राची आवृत्ती

यानंतर १९८७ ची मूळ आवृत्ती लावावी, आणि ओळखीच्या घरात कोणी सामान हलवून ठेवल्यासारखे वाटेल याची तयारी ठेवावी. तिचा पडदा आडवा नसून उभा आहे, त्यामुळे समोरचे कमी दिसते आणि वरचे जास्त. घरगुती आवृत्तीत डावीकडच्या एक-तृतीयांशात राहण्याची जी सवय लावली ती येथे अपुरी पडते; शत्रू पडद्यावर येतो तोच जवळ येतो, म्हणून चालताना गोळीबार सुरूच ठेवावा लागतो. पाठीमागून पाहण्याच्या स्टेजमध्ये वेळ मोजली जाते, तेव्हा झोपून सावकाश मारण्याची चैन येथे चालत नाही. कवच आणि पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम मारणारी वस्तू ही घरगुती आवृत्तीची भर आहे, मूळ यंत्रात ती मिळणार नाही. शेवटच्या बर्फापासून हृदयापर्यंतच्या ज्या वेगळ्या स्टेज आपण पाठ केल्या त्या येथे एकाच सलग टप्प्यात गुंफलेल्या आहेत, म्हणून मध्ये विसावा मिळत नाही आणि साठवण्याची जागाही नव्याने शोधावी लागते.

नाण्यांचा प्रश्न संग्रहात उरत नाही, एक कळ दाबली की आणखी एक नाणे पडल्यासारखे होते, आणि खरा धोका तोच आहे. कोऱ्या कागदावर टाकलेल्या नाण्यांची संख्या लिहावी आणि दर आठवड्याला ती कमी होते का ते पाहावे. माझ्या कागदावर पहिल्या दिवशी १९ होते, सध्या ६ आहेत. रुंद टीव्हीवर हे उभे चित्र मधल्या एका पट्टीत लहान दिसते, म्हणून सोफ्यावरून उठून टीव्हीपुढे जमिनीवर, पूर्वी बसत होतो तितक्या अंतरावर बसावे. फक्त पाठीला तक्क्या घ्यावा.